सेक्टर पान : प्रकल्प नोंदी, मे ते ऑक्टोबर २०२५

२७ मे, मंगळवार

काल मान्सून मुंबईत पोचला. २६ मे ही आजवरची सर्वांत लवकरची तारीख, आणि आमच्या सेक्टरमधल्या नाल्याची सफाई अर्ध्यावर. काढलेला गाळ सुकायला काठावर टाकला होता, तो एका रात्रीत जिथून आला तिथं परत गेला. सकाळी गेटवर माणसं जमली आणि नाला नेमका कोणाचा यावर प्रत्येकाचं वेगळं मत: महापालिकेचा, सिडकोचा, आणि ‘रेल्वेचा असेल बहुतेक’.

नवी मुंबईत हा प्रश्न खुळचट नाही. जमीन शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची, आतले रस्ते, दिवे आणि गटारं महापालिकेची, वीज महावितरणची, ठाणे-बेलापूर पट्ट्यातला मोठा भाग एमआयडीसीचा, सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा. स्टेशनं सिडकोनं बांधलेली, गाड्या रेल्वेच्या, आणि फलाटावर पाकीट मारलं गेलं तर आपलं पोलीस ठाणं नाही, लोहमार्ग पोलीस. हा सगळा गुंता एका माणसाला पाठ असायचा, तो नगरसेवक. निदान त्याच्या कार्यालयात बसणारा पोरगा तरी. पण महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक आहे. विचारायचं कोणाला, हेच लोक विसरले.

म्हणून ठरवलं: महिन्याला एक पान काढायचं. ए-थ्री, एका बाजूला छापलेलं, भिंतीवर लावायचं. डावीकडे पोलिसांचं, उजवीकडे सेक्टरमधल्या कामांचं. नाव ‘सेक्टर पान’. आम्ही तिघं: मी, तळमजल्यावरचे एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले काका, आणि बी विंगमधली कायदा शिकणारी मुलगी.

१ जून, रविवार

मांडणीवर बैठक. काकांचा आग्रह एकच: प्रत्येक बातमीपुढे तीन रकाने हवेत. काम कोणाकडे आहे, कुठवर आलंय, पुढची तारीख कोणती. “ताई, वेबिल भरल्याशिवाय आमची फेरी पुरी होत नव्हती. गाडी पोचली म्हणून भागत नाही.” मान्य केलं. ‘लवकरच’, ‘युद्धपातळीवर’, ‘पाठपुरावा सुरू आहे’ हे शब्द पानावर येणार नाहीत. पाठपुरावा सुरू असेल तर कोण करतंय, शेवटचं बोलणं कधी झालं, ते लिहायचं.

पोलिसांच्या बाजूचे नियम मुलीनं मांडले. फक्त नोंदलेला गुन्हा छापायचा. तक्रारदाराचं नाव नाही, इमारत नाही, मजला तर नाहीच. संशयिताचं नाव, जात, धर्म, गाव काही नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पण तिचं म्हणणं, कायदा जिथं सांगत नाही तिथंही आपण तेच पाळू. मी म्हटलं, सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर कॅमेऱ्यातले फोटो लाल गोल काढून फिरतातच की. “म्हणूनच काकू, भिंतीवर तरी नको.”

५ जून, गुरुवार

पोलीस ठाण्यात गेलो. वरिष्ठ निरीक्षक बंदोबस्ताला बाहेर होते, गोपनीय शाखेच्या अंमलदारांनी ऐकून घेतलं. त्यांच्या दोन सूचना, दोन्ही पटण्यासारख्या. गस्तीच्या वेळा छापू नका, कारण चोरांनाही मराठी वाचता येतं. आणि तपासाचं काही विचारायचं असेल तर तक्रारदाराला पाठवा, तुम्ही येऊ नका.

बाकी माहिती मिळवायला कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही. एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१६ चा आदेश आहे; लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा किंवा आयुक्तालय, ठाणं आणि तारखा निवडल्या की नोंदी दिसतात. दर शनिवारी त्या पाहून ठेवायचं काम मुलीकडे.

९ जून, सोमवार

उजव्या बाजूसाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. आमच्या सेक्टरमध्ये गेल्या तीन वर्षांत रस्ते, पदपथ, गटारं, दिवे यांची कोणती कामं दिली, कार्यादेशाच्या तारखा, आणि प्रत्येकाचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. त्या मुदतीत पेव्हर ब्लॉक उखडले तर ठेकेदारानं आपल्या खर्चानं बसवायचे असतात. मुदत संपल्यावर तेच काम पुन्हा आपल्या पैशानं होतं.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दीडशे शब्दांनी माझं भलंच केलं. पहिल्या मसुद्यात निम्मा राग होता, तो सगळा कापला गेला. खरं तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे असली माहिती कार्यालयानं न मागताच जाहीर करायची असते.

१६ जून, सोमवार

शनिवारी रात्री स्टेशनकडून सेक्टरकडे येणाऱ्या नाल्याकाठच्या वाटेवर एका बाईंची सोनसाखळी खेचली. मोटरसायकलवर दोघं, नेहमीचीच पद्धत. बाई पडल्या नाहीत, मानेला ओरखडा. काल गुन्हा नोंदला: भारतीय न्याय संहिता, कलम ३०४, हिसकावून चोरी, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ आधीच्या दंड संहितेत यासाठी असं स्वतंत्र कलम नव्हतं.

मुलगी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेली होती. पानावर छापण्यासारखं तिनं जे टिपून आणलं ते असं. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, मागायला लाजू नये. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचं असतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये तसं लिहिलंय. बाईंच्या प्रकरणात म्हणजे १३ सप्टेंबरपर्यंत. तारीख काकांच्या वहीत गेली.

दुपारपर्यंत ग्रुपवर ‘सेक्टर असुरक्षित झालाय’पासून ‘भय्यांना हाकला’पर्यंत सगळं येऊन गेलं. त्या वाटेवर दिवे नाहीत हे मात्र कोणी लिहिलं नाही, कारण दिवे गेले त्याला इतके दिवस झाले होते की अंधार आता सवयीचा झाला होता.

२२ जून, रविवार

दिवेमोजणी. काका, मी आणि इस्त्रीवाल्याचा मुलगा, अंधार पडल्यावर. सेक्टरच्या टोकापासून स्टेशनपर्यंत एकेक खांब बघत गेलो.

खांबाला क्रमांक असतो हे मला माहीतच नव्हतं. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर रंगानं लिहिलेला असतो; आमच्याकडे बहुतेकांवर क्लासच्या जाहिराती आणि भाऊंच्या वाढदिवसाचे स्टिकर. काकांनी किल्लीनं खरवडून क्रमांक वाचले, मुलानं फोनचा टॉर्च धरला. अधूनमधून एखादाच दिवा गेला असेल तर दिवा खराब. ओळीनं सगळेच गेले असतील तर दोष खाली: केबल तुटलेली, नाहीतर फीडर पिलरमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या वीजपेटीत, बिघाड. आमची सलग रांगच काळी होती, आणि रांग जिथून सुरू होते तिथं कोणीतरी केबल टाकायला पदपथ खणून पेव्हर ब्लॉक वेडेवाकडे परत बसवलेले. काकांनी पायानं दाबून पाहिलं, ब्लॉक खालून पोकळ.

स्टेशनजवळचे शेवटचे तीन खांब वेगळेच. घडण वेगळी, क्रमांकाची मालिका वेगळी. तिथल्या पार्किंगवाल्यानं सांगितलं, “हे आवारातले आहेत, रस्त्याचे नाहीत.” म्हणजे मालक दुसरा. आणि मधला एक खांब चालू होता, पण पर्जन्यवृक्षाच्या फांद्यांत इतका बुडालेला की उजेड झाडाच्या पोटातच राहायचा.

तर एक अंधारी वाट, आणि तिचे तीन मालक: रांगेसाठी विद्युत विभाग, आवारातल्या खांबांसाठी सिडको, फांद्यांसाठी उद्यान विभाग. आजवरच्या तक्रारींत सगळ्यांनी ‘स्टेशन रोडवर दिवे नाहीत’ एवढंच लिहिलेलं. अशी तक्रार कोणाच्याही टेबलावरून सरळ पुढं सरकते. आम्ही तीन वेगळी पत्रं केली, खांबांच्या क्रमांकांसह, आणि तिन्हींवर एफआयआरची तारीख.

१ जुलै, मंगळवार

पहिलं पान निघालं. डावीकडे सोनसाखळीची नोंद, तिच्यासमोर उजवीकडे दिव्यांची. मध्ये काकांनी स्केचपेननं बाण काढला होता, छपाईवाल्याला तो इतका आवडला की त्यानं जाड करून टाकला.

डावीकडे खाली एक चौकट: ‘एनसी म्हणजे काय’. अदखलपात्र तक्रारीची पावती हातात आली की लोक समजतात तपास लागला. तसं नसतं, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपास करता येत नाही. पहिल्या पानातली सर्वांत जास्त वाचली गेलेली हीच चौकट. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भांडणाच्या एनसी किती घरांत कपाटात ठेवलेल्या असतात, याचा अंदाज आला.

६ जुलै, रविवार

आषाढी. पान कुठं लावायचं हे अजून ठरतंय. सोसायट्यांच्या काचेच्या फलकात लावलं तर वाचणारे तेच, जे आधीच सगळ्या ग्रुपांत आहेत. पिठाच्या गिरणीत मात्र माणूस दळण होईपर्यंत उभा असतो, समोर जे असेल ते वाचतो. तिथं, दूध केंद्रावर आणि मेडिकलमध्ये लावलं. घरकाम करणाऱ्या बायका बसथांब्यावर जमतात तिथंही हवं, पण तिथं चिकटवणं म्हणजे शहराचं विद्रूपीकरण. त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि तो आमच्यावरच लागेल. थांब्याशेजारच्या वडापाववाल्यानं गाडीच्या काचेला आतून लावलंय.

अक्षर मोठं करायला हवं. हिंदीतही काढा अशी मागणी आहे. पुढच्या महिन्यापासून डावी बाजू दोन्ही भाषांत.

१० जुलै, गुरुवार

माहिती अधिकाराचं उत्तर मुदतीत आलं. पानाला दोन रुपये भरून प्रती घेतल्या. यादी नीट आहे, आणि तीत एक रत्न सापडलं: बागेसमोरच्या पदपथाचा दोषदायित्व कालावधी अजून चालू आहे. तिथले ब्लॉक गेल्या पावसापासून हलतात आणि लोक ‘नवीन टेंडर काढा’ म्हणून ओरडत होते. नवीन टेंडर कशाला? कार्यादेशाचा क्रमांक घालून पत्र दिलं.

१८ जुलै, शुक्रवार

स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल काल आला. नवी मुंबई ‘सुपर स्वच्छ लीग’मध्ये, इंदूर आणि सुरत यांच्या पंगतीत. पानात एका ओळीत घेतलं. काकांना मोठा मथळा हवा होता. मला वाटतं, कौतुकाचे फलक शहरभर लागणारच आहेत, आपण आपल्या नाल्याचं बघू.

दिव्यांची रांग लागली! केबल तुटलीच होती, खणलेल्या जागीच. आता आवारातले तीन आणि झाडातला एक राहिला. त्यांपैकी एका पत्रावर ‘तक्रार निकाली’ असा संदेश आलाय, सोबत पेटलेल्या खांबाचा फोटो. फोटोतला खांब आमचा नाहीच, मागं दिसणारं दुकान इथं कुठंच नाही. कोणत्या कार्यालयाचा संदेश ते इथं लिहीत नाही. पानावर मात्र रकाना ‘अडलं’ असाच राहील. ‘निकाली’ हा आमचा रकाना नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

कालपासून एक ध्वनिफीत फिरतेय. घाबऱ्या आवाजातली बाई सांगतेय, मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आलीय, साडी नेसलेले पुरुष आहेत, पोलीस दाबून ठेवतायत. संध्याकाळी शाळेच्या रस्त्यावर भिक्षा मागणाऱ्या दोघांभोवती घोळका जमला. दुकानदारानं शटर अर्धं ओढून त्यांना आत घेतलं आणि ११२ ला फोन लावला, गाडी आली, म्हणून निभावलं.

ठाण्यातून विचारून घेतलं: अशी एकही तक्रार नाही. महिन्याची वाट न पाहता आज जोडपान काढलं. त्यात राईनपाड्याचं लिहिलं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, अशाच अफवेवरून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारली. ती पोरं पळवायला आलेली नव्हती. मुलीला वाटत होतं हे भिंतीवर फार जड होईल. मी हटून बसले. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे वाक्य लोकांच्या डोळ्यांवरून घसरून जातं, पाच माणसं घसरत नाहीत.

गिरणीवाला म्हणाला, दळण घेऊन गेलेल्या एक आजी परत आल्या आणि नातवाला उभं करून ते वाचून घेतलं.

१० ऑगस्ट, रविवार

गणेशोत्सवाआधीची पोलीस आणि मंडळांची बैठक. आम्ही मागं बसून टिपणं घेतली. पानात चार गोष्टी आल्या: निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, बारापर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्याच दिवसांना, तीही जाहीर झालेल्या, आणि सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच, उच्च न्यायालयाच्या २४ जुलैच्या आदेशाप्रमाणे. एका मंडळाचे अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, “वहिनी, ते डेसिबलचं जरा बारीक अक्षरात टाका.” मोठंच टाकलंय, आत्ताच तर अक्षर वाढवलंय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धुवाधार. शाळा बंद. सेक्टरच्या खालच्या अंगाला गुडघाभर पाणी.

हे का साचतं यावर पुढच्या पानात अर्धी बाजू देणार. आपलं शहर खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून उभं राहिलंय. म्हणून सिडकोनं धारण तलाव ठेवले: भरतीला झडपा मिटतात, खाडीचं पाणी आत येत नाही, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर पडतं. तलावात गाळ भरला की थांबायला जागाच उरत नाही. गाळ काढायचा तर त्यात वाढलेल्या खारफुटीला हात लावावा लागतो, आणि त्याला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. खारफुटी हवीच, तलावही हवा. माणसं दर पावसाळ्यात फक्त नालेसफाईवाल्यांना शिव्या देतात. त्यातल्या काही त्यांच्या हक्काच्या आहेत, सगळ्या नाहीत. भरतीची वेळ कळली तर निदान गाडी वर कुठं लावायची ते ठरवता येईल, म्हणून जून ते सप्टेंबर पानावर मोठ्या भरतीच्या तारखा टाकायच्या, पुढच्या वर्षीपासून.

१४ सप्टेंबर, रविवार

सोनसाखळीवाल्या बाईंना तपासाची स्थिती कळवणारा संदेश परवा आला. दागिना मिळालेला नाही, तपास चालू आहे. त्या मला म्हणाल्या, “निदान फाइल उघडी आहे एवढं कळलं.” आमची मुलगी खूश, तिचं कलम चाललं. पानात ‘कळवलं गेलं’ एवढंच घेतलं.

झाडाच्या फांद्या छाटल्या. आवारातल्या तिनांपैकी दोन दिवे लागले. बागेसमोरचे ब्लॉक ठेकेदार परत बसवतोय. ‘पाहा, सेक्टर पानानं करून दाखवलं’ असं कोणी म्हटलं की काका चिडतात. पत्र कार्यादेशाचं होतं, करणं त्याला भाग होतं.

डिजिटल अरेस्टची, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर पैसे उकळण्याची, चौकट पुन्हा टाकायला सांगितलंय. मागच्या आठवड्यात सी विंगमधले एक निवृत्त गृहस्थ दुपारभर व्हिडिओ कॉलवर ‘अटकेत’ होते. बायको भाजी घेऊन आली, तिनं फोन हिसकावून बंद केला, पैसे वाचले. असली अटक कुठल्याही कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काल विमानतळाचं उद्घाटन. वाहतूक शाखेची जड वाहनबंदीची अधिसूचना आम्ही सोप्या शब्दांत करून दोन दिवस आधीच लावली होती. टेम्पोवाल्यांनी फोटो काढून नेले. आजवर पानाकडे न फिरकलेला हा वाचक नवीन. त्यांच्यासाठी रस्ताबंदीची वेगळी पट्टी ठेवावी का, बघू.

१२ ऑक्टोबर, रविवार

नोव्हेंबरच्या पानाची बैठक भांडणात गेली. ठेकेदाराचं नाव छापायचं की नाही? काका म्हणतात, कार्यादेशावर नाव आहे, तो सार्वजनिक कागद आहे, छापा. मुलगी म्हणते, संशयिताचं नाव छापत नाही तर ठेकेदाराचं का? मी म्हटलं, संशयित अजून दोषी ठरलेला नसतो. ठेकेदारानं काम घेतलंय एवढंच आपण सांगतोय. यावर ती म्हणाली, वाचणारा तेवढंच वाचतो का? निर्णय झाला नाही. तोवर कार्यादेशाचा क्रमांक जाईल, नाव नाही.

छपाईचा खर्च आतापर्यंत तिघांच्या खिशातून. एका इच्छुक उमेदवारानं पूर्ण वर्षाचा खर्च देऊ केलाय, खाली फक्त त्यांचा फोटो. नाही म्हणून कळवलं. सोसायट्यांकडून थोडी थोडी वर्गणी मागायची, पावतीसह.

बाकी: आवारातला तिसरा खांब, पुढची तारीख ३ नोव्हेंबर, पत्र काका घेऊन जाणार. नाला कोणाचा याचं लेखी उत्तर आलं: महापालिकेचा. पुढच्या सफाईच्या कार्यादेशाची प्रत मार्चमध्येच मागायची आणि गाळ किती दिवसांत उचलायचा ती अट बघायची.